ठिणगी कुठे अडली?



मोटारीच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्याकडे मिळतात त्यांत गाडी कोणी बनवली, कोणत्या साली बनवली, तिचे इंजिन किती अश्वशक्तीचे होते, हे सारे असते. ती गाडी भर उन्हात रस्त्यावर बंद पडली तेव्हा ती कोणी आणि कशाच्या आधाराने पुन्हा सुरू केली, हे मात्र कुठे लिहिलेले नसते. मला आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. आणि त्यातही ज्यांनी अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची गाडी उभी केली त्यांच्याबद्दल. कारखान्याच्या गाडीत दोष निघाला तर कारखान्याकडे बोट दाखवता येते. घरी केलेल्या गाडीचा दोष शोधायला करणाऱ्यावाचून दुसरा कोणी नसतो. दोष शोधण्याच्या विद्येचे काय झाले हे पाहायचे असेल तर ते याच गाड्यांत स्वच्छ दिसते.

मी इंजिनिअर नाही. संघटनेच्या कामात गॅरेजमधल्या मजुरांशी संबंध आला, त्यांच्या हातातले काम समजल्याशिवाय त्यांच्या मजुरीची भाषा बोलता येईना, म्हणून मिळेल ते वाचत आणि दिसेल ते पाहत गेलो. या मजुराला नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीपट नसतो, फंड नसतो. त्याच्यापाशी भांडवल एकच असते: बंद पडलेल्या इंजिनाला काय झाले आहे ते त्याला कळते. ते भांडवल कसे साठले आणि आज कोणाच्या ताब्यात चालले आहे, हा माझ्या विषयाचा गाभा आहे.

आरंभ इचलकरंजीपासून करू. हे गाव यंत्रमागाचे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे घरोघर माग, गल्लोगल्ली फिटर, अशी त्या गावाची घडण झाली. त्याच गावात शंकरराव कुलकर्णी नावाच्या, शाळेत सातवीपर्यंतच शिकलेल्या गृहस्थाने १९४९ मध्ये स्वतः बनवलेली छोटी मोटार रस्त्यावर आणली. तिचे नाव ‘मीरा’. एक गाडी करून ते थांबले नाहीत. सुमारे पाव शतक ते तिची एकामागून एक सुधारलेली रूपे करत राहिले. बारा हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला मोटार द्यायची, हा त्यांचा हिशेब होता.

त्या काळाची आठवण ठेवली पाहिजे. १९५१ च्या उद्योग नियमन कायद्याने कोणता कारखाना काय बनवील हे सरकारच्या परवान्यावर ठरू लागले. मोटारी बनवण्याचा मक्ता दोन-तीन मोठ्या कंपन्यांकडे राहिला. त्यांतली प्रीमियर ही वालचंद हिराचंद यांची, तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. स्वस्त मोटार हवी असे १९६० च्या सुमारास ल. कृ. झा यांच्या समितीनेही म्हटले. तरीही ‘मीरा’ कारखान्यात गेली नाही. स्वस्त मोटार देशाला मिळाली ती १९८३ च्या डिसेंबरात, मारुतीच्या रूपाने आणि जपानच्या सुझुकीच्या हाताने. या अन्यायावर पुष्कळ बोलता येईल, पण ‘मीरा’विषयी हळहळणारे लोक नेहमी परवान्यापाशी थांबतात. मला तिच्यातले वेगळेच दिसते. सातवी शिकलेला माणूस चालती मोटार करू शकला, याचा अर्थ त्या काळच्या मोटारीत असे काहीही नव्हते की जे उघडून पाहता येत नाही.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि नेमक्या क्षणी ठिणगी. पहिल्या दोन डोळ्यांनी दिसतात, नाकाला कळतात. खरी परीक्षा तिसरीची. त्या काळी ठिणगी देण्याच्या रीती मुख्यतः दोन होत्या. एक मॅग्नेटोची. जर्मनीत श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये लहानशी कार्यशाळा काढली; तिथल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअराने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. चुंबक फिरला की वीज तयार, बॅटरीची गरज नाही. (याच बॉश यांनी १९०६ मध्ये आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.) दुसरी रीत बॅटरी आणि कॉइलची. ती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी व्यवहारात रुळवली. हे केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत असत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला त्यांचा विजेचा स्टार्टर लागला आणि हँडल उलटून ड्रायव्हरचा हात मोडण्याचे दिवस संपत आले. आपल्याकडे मात्र हँडल मारून गाड्या चालू करणे त्यानंतरही कित्येक वर्षे चालले होते, हे इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

दोन्ही रीतींत ठिणगीचा क्षण ठरवणारी वस्तू एकच: दोन छोट्या धातूच्या टिकल्या, एका उंचवट्याने उघडणाऱ्या आणि स्प्रिंगने मिटणाऱ्या. आमचे मेकॅनिक त्यांना सी. बी. पॉइंट म्हणतात. टिकल्या मिटल्या की कॉइलच्या जाड वेढ्यांतून प्रवाह वाहतो. त्या उघडल्या की प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने बारीक वेढ्यांत हजारो व्होल्ट उभे राहून प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. टिकल्यांच्या बाजूला सुपारीएवढा कंडेन्सर असतो. तो नसेल तर टिकल्यांवरच ठिणगी उडून त्या जळतात आणि प्लगला काही उरत नाही.

आता यातला दोष कसा शोधत, ते ऐका. प्लग खोलायचा, त्याची टोपी लावून तो इंजिनाच्या अंगाला टेकवून धरायचा आणि साथीदाराला स्टार्टर मारायला सांगायचे. निळी, कडकडीत, आवाज करणारी ठिणगी आली तर विजेचा मार्ग बरोबर. मग पेट्रोलकडे वळायचे. ठिणगी पिवळी आणि मरतुकडी आली तर कंडेन्सरवर संशय. अजिबात आली नाही तर उलट दिशेने चालत यायचे: प्लगची वायर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, तिच्यातला कोळशाचा ठिपका, कॉइल, पॉइंट, चावी, बॅटरी. हातात एक छोटा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. जिथवर बल्ब पेटतो तिथवर वीज आली. जिथे विझतो त्याच्या अलीकडे दोष. पॉइंटमधले अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर जाड कार्डाचा तुकडा घालून पाहायचे. गाडी थंड असताना चालते आणि तापल्यावर मरते, तर कॉइलला हात लावून पाहायचा. आमच्या मराठवाड्याच्या वैशाखात आणखी एक गंमत होई. दोष विजेचा वाटे, पण खरे म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असे. मग पंपावर ओले फडके गुंडाळून पाच मिनिटे थांबायचे. जुन्या फियाटच्या टॅक्सीत असे फडके आणि पाण्याची बाटली असायचीच.

या साऱ्या विद्येला पुस्तक लागत नव्हते. ती हाताकडून हाताकडे जाई. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ही रीत नवी वाटू नये. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थोपटून कोणते मडके कच्चे ते ठरवले, आणि ज्याचे मडके कच्चे ठरले ते आपल्या नरसीचे नामदेव पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा इथे पोराटोरांना पाठ आहे. कुंभार मडके फोडून पाहत नाही. थापटतो, नाद ऐकतो आणि सांगतो. गॅरेजातला उस्ताद तेच करी. फरक एवढाच, की उस्तादाच्या थापटण्याला पगारवाढ कधी मिळाली नाही.

पुढे ही विद्या एका खोक्यात गेली. ते एका दिवसात झाले नाही, आणि पहिला प्रयत्न तर सपशेल फसला. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने पेट्रोल मोजून देणारी विजेची यंत्रणा केली आणि १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या मोजक्या गाड्यांना ती बसवली. उष्णतेने आणि ओलाव्याने तिचे नाजूक भाग दगा देऊ लागले. शेवटी त्यातल्या बहुतेक गाड्यांना परत बोलावून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले. मला या प्रसंगाचे अगत्य वाटते ते अशासाठी, की जगातली इतकी मोठी कंपनीसुद्धा दोष सापडेना तेव्हा मागे वळून जुन्या, उघड्या यंत्राकडे गेली. नऊ वर्षांनी, १९६७ मध्ये, बॉश कंपनीने तीच कल्पना ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने पक्की केली. १९७९ मध्ये पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंचा हिशेब ठेवणारा एकच संगणक आला. सी. बी. पॉइंटच्या जागी इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरणारे दातेरी चाक आणि त्याचे दात मोजणारा सेन्सर बसला. चाकाचा एखादा दात मुद्दाम गाळलेला असतो; ती खोबण पुढून गेली की दांडा कुठे आहे हे संगणकाला कळते.

आपल्या देशात हे वारे प्रदूषणाच्या नियमांबरोबर आले. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेविषयी कडक आदेश दिला, २००० सालापासून देशभर नवे नियम लागू झाले, आणि थोड्याच वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर दिसेनासा झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आले आणि मोटारसायकलींतही तेच घडले. हे नियम चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. धुराने ज्यांची छाती भरते त्यांत रस्त्यावर काम करणारा मजूर पहिला असतो. पण हवा स्वच्छ करण्यासाठी जो संगणक आला, त्याच्याबरोबर कुलूपही आले. आणि हे दोन्ही एकच आहेत असे आपल्याला सांगितले गेले. ते एक नाहीत.

घरी गाडी करणाऱ्यांनी यावर काय केले? महाराष्ट्रातल्या अशा गाड्या पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्याचा दोष आपल्याला शोधता येईल असेच इंजिन लोक निवडत आले. खेड्यांत पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर बसवून जी वाहने झाली, त्यांचे कारण केवळ स्वस्ताई हे नाही. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. बॅटरी नाही, कॉइल नाही, म्हणून विजेचा दोषही नाही. किर्लोस्करांनी पुण्यात १९४६ मध्ये ऑइल इंजिनांची कंपनी काढली, कोल्हापूरच्या कारखानदारांनीही अशी इंजिने केली, आणि विहिरीवरचे इंजिन खोलून बसवणारी माणसे गावोगाव तयार झाली. हिंगोलीचा शेतकरी ते इंजिन अंधारात उघडील.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे साठ हजार रुपये खर्चून एक लहानशी चारचाकी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची तारीफ केली, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती कधीतरी थांबवतील असेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती लोहार कुटुंबाला मिळाली. वर्तमानपत्रांनी या देवघेवीवर रकाने भरले. मला मोलाचा वाटतो तो एक बारीक तपशील. ही चारचाकी मोटारसायकलसारखी किक मारून चालू होत असे. किक मारणारा माणूस इंजिनाशी सरळ बोलत असतो. मध्ये दुभाष्या नसतो.

परंतु दर वर्षी जुनी, उघडी इंजिने कमी होत आहेत. भंगारात आता जे इंजिन येते ते संगणकाचे. म्हणून ज्या पोरांना आज गाडी करायची आहे त्यांना दुभाष्याला टाळता येत नाही. अशा एका गाडीची हकीकत सांगतो. ती आपल्याच जिल्ह्यातली, वसमतकडची. करणाऱ्यांची नावे सांगत नाही.

दोन भाऊ, थोरला आय. टी. आय. शिकलेला. हळदीच्या पैशातून त्यांनी नांदेडच्या जुन्या बाजारातून एका अपघातग्रस्त मोटारीचे इंजिन, तिचा संगणक आणि सगळे वायरिंग घेतले. चौकोनी पाइपांचा सांगाडा स्वतः वेल्ड केला. त्यावर रेड ऑक्साइडचा हात, वर चकचकीत पिवळा रंग. शेतात चालवायची, एवढाच बेत. गाडी पहिल्या स्टार्टरला चालू झाली. दहा-बारा मिनिटे छान चाले आणि मग एकदम बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. पुन्हा दहा मिनिटे.

कोड वाचण्याचे यंत्र जोडले तर त्याने ‘पी ०३३५’ असा आकडा दाखवला. पुस्तकात याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. क्रँक सेन्सर तापल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, ही गॅरेजातली प्रसिद्ध गोष्ट. लक्षण तंतोतंत जुळत होते. पोरांनी सेन्सर बदलला. तेच. दुसऱ्या दुकानातून दुसरा आणून बदलला. तेच. कोणी म्हणाले संगणक गेला, नवा घ्या. नव्या संगणकाची किंमत सगळ्या गाडीच्या किमतीइतकी. थोरल्याने गाडी पुन्हा भंगारात घालायचे ठरवले होते.

शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांचे आयुष्य सी. बी. पॉइंटवर गेले, संगणकाचे शिक्षण नाही. त्यांनी कोडचा आकडा पाहिलाही नाही. गाडी चालू करायला सांगितली आणि स्टुलावर बसून राहिले. दहाव्या मिनिटाला रेडिएटरचा पंखा घरघरला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले. चाचा म्हणाले, “बेटा, ही गाडी गरमीने मरत नाही. पंख्याने मरते.” दोन महिने पोरे गाडीजवळ होती, इंजिन तापणे आणि पंखा सुरू होणे या दोन गोष्टी एकदम घडतात, म्हणून दुसरीकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

मग त्यांनी मल्टिमीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरे संगणकाची अर्थची वायर जिथे सांगाड्याला बोल्टने आवळली होती तिथल्या वायरीच्या टोकाला. खरे तर या दोन जागांत फरक जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. एक दशांश, दोन दशांश व्होल्ट, फार झाले. इंजिन बंद ठेवून पंखा जोडला तसा काटा दोन व्होल्टच्या पुढे गेला. पंख्याची अर्थची वायरही त्याच बोल्टला होती. बोल्ट खोलला तर खाली पिवळा रंग आणि त्याखाली रेड ऑक्साइड जसेच्या तसे. रंग वीज वाहत नाही. आट्यांच्या कडेने जे थोडेफार लोखंड लागत होते त्यातून सगळी गाडी चालली होती.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीत वीज एका वायरीने जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परतते. परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. संगणक सेन्सरकडून येणारा व्होल्ट मोजतो तो आपल्या अर्थपासून मोजतो, जशी उंची आपण जमिनीपासून मोजतो. या गाडीत सेन्सरचा अर्थ इंजिनाच्या अंगाला होता आणि संगणकाचा त्या रंगलेल्या बोल्टला. पंखा सुरू होताच मोठा प्रवाह त्या अडलेल्या वाटेने परतू लागे आणि संगणकाच्या पायाखालची जमीनच दोन व्होल्ट वर उचलली जाई. सेन्सर दात बरोबर मोजत होता. ऐकणाऱ्याची पट्टी सरकली होती. संगणकाला वाटे दांडा हरवला, आणि तो ठिणगी बंद करी. ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ हे वाक्य खोटे नव्हते. सर्किट म्हणजे जाण्याची वाट, येण्याची वाट आणि मधले सगळे सांधे. पोरांनी त्या वाक्यातला ‘सेन्सर’ हा एक शब्द उचलला आणि बाजारात गेली. कोड भागाचे नाव सांगत नाही, वाटेचे सांगतो, हे कोणत्याही कोडच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवे.

रंग खरवडून, जाड केबल थेट बॅटरीपासून इंजिनाला आणि तिथून संगणकाला देऊन गाडी त्याच दुपारी चालू झाली. कारखान्याच्या गाडीत अर्थचे बोल्ट कुठे लावायचे आणि तिथे रंग लागू द्यायचा नाही, हे नकाशावर ठरलेले असते. घरी केलेल्या गाडीत वेल्डिंग करणारा एक, रंग देणारा दुसरा आणि वायरी जोडणारा तिसरा; अशा गाडीत विजेचा दोष शोधायचा तर सेन्सर सोडून आधी अर्थ पाहावा, असे चाचा त्या दिवसापासून सर्वांना सांगतात. मराठीत ‘अर्थ लागणे’ हा वाक्प्रचार त्यांना फार आवडतो.

आता दुसरी बाजू. कळमनुरीकडच्या एका मुलाने असेच इंजिन आणले. त्याची बॅटरी ठीक, अर्थ ठीक, क्रँक सेन्सरचे कंप येत होते, पेट्रोलला दाब होता. तरी स्टार्टर नुसताच फिरे. ठिणगी नाही, पेट्रोलची पिचकारी नाही. बल्ब घेऊन पुढून मागे, मागून पुढे कितीही चाला, दोष सापडणार नव्हता, कारण दोष नव्हताच. त्या संगणकाला चावीतल्या चिपचा सांकेतिक आकडा हवा होता. मूळ चावी अपघाताच्या गाडीबरोबर कुठे गेली कोणास ठाऊक. चोरीचा इशारा देणारा दिवा मूळ गाडीच्या डॅशबोर्डवर असतो. मुलाने डॅशबोर्ड आणलाच नव्हता. म्हणजे इंजिन का चालत नाही हे ज्या दिव्याने सांगायचे, तो दिवाच भंगारात राहिला. संघटनेत याला आम्ही टाळेबंदी म्हणतो. यंत्र धडधाकट, कामगार दारात हजर, माल पडलेला, आणि वरून हुकूम नाही.

चोराला अडवण्यासाठी ही व्यवस्था केली, हे मला मान्य आहे. ज्याच्या मोटारीचे कर्ज फिटायचे आहे त्याला हे कुलूप हवेच. पण रीतसर पावती घेऊन विकत घेतलेल्या इंजिनाचे कुलूप उघडण्याचा रस्ता कुठेतरी असला पाहिजे. तो मुलगा ज्या सेवाकेंद्रात गेला तिथे त्याला सांगण्यात आले की पूर्ण गाडी आणा. पूर्ण गाडी असती तर तो तिथे कशाला गेला असता!

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याचा आहे असे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये कौल दिला, की कंपनी आपल्या अधिकृत दुकानांना दोष शोधण्याची जी माहिती देते ती तिने बाहेरच्या गॅरेजांनाही रास्त दराने द्यावी. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी ही दोन्ही क्षेत्रे तिच्या विचारात होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक पोर्टलही उघडले. मात्र पोर्टलला हात नसतात. माहिती द्यावी असे कंपनीला सांगणे वेगळे, आणि न दिल्यास तिला दंड बसणे वेगळे. कामगार कायद्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

वाट दुसऱ्या बाजूनेही निघाली आहे. या शतकाच्या आरंभी बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकन गृहस्थांनी इंजिनाचा असा संगणक तयार केला, की ज्याचे भाग सुटे मिळावेत, घेणाऱ्याने ते घरी स्वतः डाख देऊन जोडावेत आणि त्यातला हिशेब उघडून पाहावा. त्याचे नाव मेगास्क्वर्ट. पुढे याच जातीचे आणखी स्वस्त, उघड्या आराखड्याचे संगणकही निघाले. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले स्पर्धेसाठी ज्या गाड्या करतात, त्यांतही मूळ संगणक काढून आपल्याला हुकूम देता येईल असा संगणक बसवण्याची रीत पडली आहे. या गाड्या मैदानातच चालतात. रस्त्यावर आणायची तर प्रकार-मान्यता लागते, आणि ती देणारी पुण्याची संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, कारखानदाराच्या तयारीने येणाऱ्या गाड्या तपासते. अंगणातल्या माणसाला तिचा खर्च झेपत नाही. शंकरराव कुलकर्ण्यांच्या वाटेत परवाना होता, आजच्या मुलाच्या वाटेत मान्यता आहे. तरी माझ्या मते शंकररावांची अवस्था एका बाबतीत बरी होती. त्यांची गाडी विकण्याला परवानगी नव्हती, पण तिचे इंजिन का थांबले हे त्यांना कोणालाही विचारावे लागत नव्हते.

कळमनुरीच्या मुलाने अखेर तो संगणक काढून ठेवला आणि उघड्या आराखड्याचा संगणक मागवून त्याच इंजिनाला बसवला. दातेरी चाकाचे दात किती, गाळलेला दात कुठे, इंजिन किती तापल्यावर किती पेट्रोल द्यायचे, हे सगळे त्याला स्वतः भरावे लागले. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर त्याने घरच्या पातेल्यात उकळून त्याचे आकडे वहीत घेतले: थंड पाण्यात दोन हजार ओहमच्या वर, उकळीला येता येता दोनशेच्या आसपास. आईने ते पातेले नंतर स्वयंपाकघरात घेतले नाही. पहिल्या पंधरा दिवसांत गाडी काळा धूर सोडत चालली, प्लग तीनदा काजळले, मग हळूहळू आकडे बसत गेले. ती वही आता आमच्या सभासदांत हातोहात फिरते.

चाचांच्या गॅरेजात भिंतीवर ऑइल पेंटने एक चौकट रंगवली आहे. मोटारीत कोड वाचण्यासाठी जो सोळा खुंट्यांचा सांधा असतो, त्याचा तो नकाशा. चौथी खुंटी गाडीच्या अंगाच्या अर्थची, पाचवी सिग्नलच्या अर्थची, सोळावी बॅटरीची. एवढे कोणत्याही कंपनीच्या गाडीत सारखे, म्हणून पक्क्या रंगात लिहिले आहे. सोळापैकी सात खुंट्या कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या असतात. त्या सात घरांत खडूने लिहायचे ठरले आहे. गॅरेजातल्या ज्या पोराला ज्या गाडीतली खुंटी कळेल त्याने ती तिथे लिहायची, आणि खाली स्वतःचे नाव घालायचे. परवा मी गेलो तेव्हा त्यांतली तीन घरे भरली होती.